पहिला गोटा सांगायचा

ऑनलाइन खेळात शिरलं की आधी विचारतात, तुम्ही कोण होणार? योद्धा, तिरंदाज, मांत्रिक, वैद्य, चोर अशी यादी समोर येते. यालाच क्लास म्हणतात. शहाणी माणसं आधी क्लास निवडतात आणि त्या क्लासला जे हत्यार मिळेल ते मुकाट्याने हातात धरतात. माझं उलटं आहे. मला आधी हत्यार लागतं. ते हाताला पटलं की त्याच्यासोबत जो क्लास येईल तो मी पत्करते. नवरा पसंत पडला की सासर पदरात पडतंच, त्यातलाच प्रकार.

माझं हत्यार गोफण. तलवारीचं मला कधी कौतुक वाटलं नाही, धनुष्याचं तर नाहीच. पहिला खेळ मी दहा मिनिटांत बंद केला, कारण त्यात गोफण नव्हती. दुसऱ्या खेळात होती, पण दहाव्या लेव्हलला तो खेळच मला सांगायला लागला, की आता हे पोरकट हत्यार टाका आणि धनुष्य घ्या. मी काय त्यांच्याकडे धनुष्य मागायला गेले होते? तोही खेळ फोनवरून काढून टाकला. तिसऱ्या खेळात मेंढपाळ नावाचा क्लास होता. खांद्यावर घोंगडी, मागे एक कुत्रा आणि हातात गोफण. अंगावर चिलखत नाही, त्यामुळे दोन फटक्यांत जीव जातो. पण गोटा लांबवर जातो आणि कपाळावर बसला तर समोरचा दोन श्वास घेईपर्यंत भोवंडून उभा राहतो. खेळ शिकवणारे सगळे व्हिडिओ एकच सांगत होते, काहीही घ्या पण मेंढपाळ घेऊ नका. इतकी माणसं एका सुरात एखादी गोष्ट नको म्हणतात तेव्हा मला संशय येतो, की त्यात काहीतरी चांगलं असणार. मी मेंढपाळ घेतला.

संशय हा माझा स्वभाव आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाला हसला तर मी दूध वास घेऊन बघते. ऑटोवाला राजापेठेवरून वळला की लगेच विचारते, इकडून काहून? नवरा म्हणतो, तुह्या डोक्यात पोलीस चौकी आहे, चोवीस तास उघडी. म्हणूनच खेळात मी पुरुषाचं रूप घेतलं, पुरुषाचं नाव घेतलं आणि माइक खराब आहे असं सांगितलं. तीन वर्षं तो माइक खराबच आहे. आमची टोळी वऱ्हाडातल्या खेळाडूंची. कोणी परतवाड्याचा, कोणी मूर्तिजापूरचा, कोणी अकोल्याचा. आत येताना फक्त गाव सांगावं लागायचं, नाव नाही. सगळे एकमेकांना भाऊ म्हणतात, मलाही म्हणतात. मी अमरावतीतल्या एका सकाळच्या शाळेत गणित शिकवते, एक वाजता घरी येते, नवरा सहाला येतो. मधली दुपार माझी. दोन ते चार मी मेंढपाळ असते.

जन्मापासून मी अशी संशयी नव्हते. नऊ वर्षांपूर्वी हा स्वभाव लागला. तेव्हा मी अमरावतीत नुकती नोकरीला लागले होते. रविवारी घरी गेले. आमचं घर हिवरखेडजवळ, माळ्याचं. भाजीपाला, थोडी झेंडू-शेवंती आणि एका तुकड्यात दरवर्षी ज्वारी. बाबा हौदावर मेथीच्या जुड्या धूत होते. मी त्यांना सांगितलं, की मी एकाशी लग्न करणार आहे आणि तो आपल्या जातीतला नाही. बाबांनी जुडी झटकली, टोपलीत ठेवली आणि म्हणाले, "पाहू." मला वाटलं, पाहू म्हणजे पाहू. हलक्या मनाने मी अमरावतीला परतले. तीन दिवसांनी मावशीचा फोन आला. बाबांनी भावकीत बसून सांगितलं होतं, "थे पोट्टी आमच्यासाठी मेली." माझ्या तोंडावर कोणी काहीच बोललं नाही. मी परत गेले तर फाटकात माझा मोठा भाऊ उभा होता. दादा म्हणाला, "जाय." एवढंच. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकून पिते.

त्यानंतरचं घर मला मावशीकडून तुकड्यातुकड्याने कळत गेलं. दादाचं लग्न झालं. बाबांचे हात थरथरायला लागले, जुडीसुद्धा बांधता येईना. मळा दुसऱ्याला कसायला दिला आणि बाबा अकोल्याला दादाकडे गेले. दादाचं तिथे बियाण्यांचं दुकान. वहिनी मी पाहिलेली नव्हती. मावशीने पत्ता पाठवला होता, तो फोनमध्ये चार वर्षं तसाच पडून होता.

गोफण मला बाबांनी शिकवली. ज्वारी दाण्यावर आली की मचाण उभं राहायचं आणि शाळा सुटली की आम्ही दोघं भावंडं राखणीला. अंबाडीच्या वाखाची गोफण. एका टोकाचा फास करंगळीत, दुसरं टोक मुठीत, मधल्या खोळीत गोटा. तीनदा फिरवायची आणि मुठीतलं टोक सोडायचं. नीट सुटली तर फट्ट असा आवाज होतो. बाबांचा एक नियम होता. रोज राखण सुरू करताना पहिला गोटा पाखरांवर मारायचा नाही. सरळ वर, रिकाम्या आभाळात फेकायचा. आवाज झाला पाहिजे, लागलं कोणालाच नाही पाहिजे. ते म्हणायचे, "पयला गोटा सांगाचा. दुसरा माराचा. थे बिचारे खाऊन राहिले, त्याईले आधी सांगा तर खरं." दुसऱ्या कोणाच्या शेतात ही पद्धत मी पाहिली नाही. शेजारचे हसायचे, माळीबुवा पाखराले नोटीस देते म्हणून.

माझ्या बाबतीत मात्र त्यांनी आवाजही न करता दुसराच गोटा मारला होता. हे मनात आलं की माझं डोकं अजून तापतं.

पण सवय ही सवय. खेळात पहिल्यांदा गोफण हातात आली तेव्हा मी विचार न करता पहिला गोटा आभाळात फेकला. नंतर प्रत्येक लढाईच्या तोंडाला तेच. त्या खेळात आवाज झाला की झोपलेले राक्षस जागे होतात. टोळी दबकत दबकत जवळ जायची आणि मी मागून फट्ट करायचे. टोळीचा म्होरक्या कपाळाला हात लावायचा. "भाऊ, तुमी काय करून राहिले? थे सारे उठते ना!" आमच्यात एक वैद्य होता, गुणाचा. कधी एक शब्द बोलायचा नाही, पण मी मरायला टेकले की बरोबर माझ्यावर मलम टाकायचा. गोटा फेकला की सगळ्यात आधी राक्षस माझ्याच अंगावर यायचे आणि हा बिचारा सगळं सोडून माझ्यामागे धावायचा. त्याच्या जिवावर मी दीड वर्ष ती सवय चालवली. दिवाळीनंतर एका मोठ्या लढाईत अख्खी टोळी मेली, माझ्यामुळे. म्होरक्याने सरळ सांगितलं, "भाऊ, हे हवेत फेकनं सोडा, नाई तं टोळी सोडा. लोक नाव ठेवून राहिले आपल्याले." मी सवय सोडली. फार वाईट वाटलं नाही. म्हटलं, ज्याने शिकवली त्यानेच कुठे पाळली?

संक्रांतीच्या सुमारास तो वैद्य नाहीसा झाला. साठाव्या लेव्हलचा वैद्य असा निरोपसुद्धा न घेता जातो, याचा मला राग आला आणि अर्थात संशयही. दुसऱ्या टोळीने फोडला असेल, असं मी धरून चालले.

होळी झाली आणि टोळीत एक नवा आला. लेव्हल एक. क्लास मेंढपाळ.

तीन वर्षांत आमच्याकडे दुसरा मेंढपाळ आला नव्हता. सगळे हसले. गाव विचारलं तर त्याने अकोला लिहिलं आणि त्यानंतर काही लिहिलंच नाही. खेळात तयार खुणा असतात, मान हलवणे, थांबा म्हणणे, हात जोडणे, तेवढ्यावर त्याचं चालायचं. पहिल्याच दिवशी आम्ही एका नाल्याच्या काठाने कोल्ह्यांच्या मागावर निघालो. नवा माझ्या मागे तीन पावलांवर होता. म्होरक्याने थांबायची खूण केली. सगळे थांबले. आणि नव्याने गोफण फिरवून पहिला गोटा सरळ आभाळात सोडला. फट्ट.

म्होरक्या ओरडत होता, "अबे या मेंढपाळायले काय आजार आहे का बे? एक सुधरला तं दुसरा आला!" सगळे हसत होते. मी फोन उशीवर पालथा ठेवला आणि उठून पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा तेच केलं. तिसऱ्या दिवशीही. एकदा घडलं तर चूक म्हणता येते, तीनदा घडलं की तो माणूस कुठून आलाय याचा शोध घ्यावा लागतो. मी शोध सुरू केला. हा येतो नेमका दोनला आणि जातो चारला. अकोल्यात उन्हाळ्याच्या दुपारी दुकानदार शटर अर्धं ओढून आडवे होतात, हे जगजाहीर आहे. दादाचं दुकान आहे. दादाला गोफण येते, माझ्याहून चांगली येते. आमच्या घरच्या या पद्धतीला शेजारचे नुसते हसायचे, घराबाहेर ती कोणी पाळली नव्हती. शितावरून भाताची परीक्षा झाली होती. हा दादा होता.

पण हा इथे कशाला आला? मी त्याची परीक्षा घ्यायला लागले. टोळी सोडून एकटीच दलदलीत शिरले, तर तो मागून आला. एका झाडाखाली अर्धा तास नुसती उभी राहिले, तर तोही उभा राहिला. त्याचा कुत्रा माझ्या कुत्र्याशेजारी बसला. मी खेळ बंद केला की दोन मिनिटांत त्याचंही नाव विझायचं. एकदा मी त्याला माझी जुनी, चांगली गोफण देऊ केली. त्याने हात जोडले आणि परत केली. फुकटचं नाकारणाऱ्या माणसावर माझा सगळ्यात जास्त संशय. मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "असंन कोणीतरी, तुले काय करा लागते? अन् दादाच असंन तं बोल ना त्याच्याशी." याला काय जातं बोलायला! फाटकात उभा राहून "जाय" म्हणालेला माणूस नऊ वर्षांनी मुका होऊन माझ्या मागेमागे फिरतो, ते काय प्रेमाने? मला दिसत होतं ते असं. हा माझ्या खेळाचे फोटो काढणार, भावकीत दाखवणार आणि म्हणणार, पाहा, ही मास्तरीण शाळा सोडून दुपारभर पुरुषाच्या नावाने गोटे मारत बसते. एकदा मेलेली म्हणून सांगितलेल्या माणसाला दुसऱ्यांदा मारायचं तर असंच काहीतरी करावं लागेल.

एप्रिलच्या एका दुपारी शाळेतूनच डोकं तापवून आले होते. खेळ उघडला तर तो आधीच येऊन बसलेला, माझ्या नेहमीच्या जागेपासून तीन पावलांवर. मी त्याला एकट्याला दिसेल असं लिहिलं, "तू कोण आहेस मले मालूम आहे. नऊ वर्षं झाले, आता काहून माग काढून राहिला? मेलेल्या माणसाच्या मागं येऊ नये. पुन्हा दिसू नको."

वाचल्याची खूण आली. तो तसाच उभा राहिला. मग त्याने हात जोडले नाहीत, मान हलवली नाही, काहीच केलं नाही. थोड्या वेळाने तो आणि त्याचा कुत्रा दोघंही दिसेनासे झाले.

त्या दिवशी मी खुशीत स्वयंपाक केला. नवऱ्याला म्हटलं, लावला पळवून. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही, पाचव्याही नाही. टोळीतल्या कोणी साधं विचारलंही नाही. माझी मात्र नजर सारखी मागे तीन पावलांवर जायची.

सहाव्या दिवशी मी तांदूळ निवडत बसले होते. त्यात बरेच खडे होते. एक एक खडा बाजूला काढताना मला आमचं पोतं आठवलं. आमची जमीन काळी, तिच्यात औषधालासुद्धा गोटा सापडत नाही. राखणीचे गोटे लांबच्या नाल्यातून आणावे लागत आणि ते काम दादाचं. शाळेतून आला की पोतं खांद्यावर टाकून तो नाल्यावर जायचा आणि वाकून वाकून अंगठ्याएवढे गोटे वेचून आणायचा. म्हणून बाबांचा तो पहिला गोटा त्याच्या डोक्यात जायचा. "मी वाहून आनतो अन् तुमी हवेत फेकता!" बाबांनी फारच धरलं तर तो मातीचं ढेकूळ फेकायचा, गोटा नाही. बाबांची पाठ वळली की पहिल्याच गोट्याला पाखरू पाडायचा आणि मचाणावर नाचायचा. आमच्या त्या मचाणावर पहिला गोटा वर फेकणारी माणसं दोनच होती. त्यातली एक मी.

तांदळाचं ताट मांडीवरून खाली ठेवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं होतं. मी ते चार ओळींचं पत्र माझ्या बापाला लिहिलं होतं.

तरी माझा पोलीस गप्प बसेना. ज्याला धड चहाची कपबशी धरता येत नाही असं मावशी सांगते, तो माणूस फोनवर गोफण कशी मारेल? नव्याचा नेम तर चोख होता. मग पुन्हा वाटायचं, गोळी लागू पडली असेल, हात थांबले असतील. मावशीला विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, पण मावशीला विचारणं म्हणजे दवंडी पिटणं. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. नऊ वर्षांत त्या घरातून कोणी पहिल्यांदाच माझ्याकडे एक पाऊल टाकलं होतं आणि मी त्याच्या तोंडावर दार आपटलं होतं, तेही न सांगता, एकदम. आता हे दार पुन्हा उघडलं नाही तर दोष कोणाला देणार होते?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी न येता बडनेऱ्याला जाऊन गाडी पकडली. नवरा फोनवर म्हणाला, "मी येऊ का?" मी म्हटलं, नको, दार लावलं तर एकाचंच तोंड पोळू दे. मूर्तिजापूर येईपर्यंत मी काय बोलायचं ते ठरवत होते. मूर्तिजापूर गेल्यावर ठरवलेलं सगळं विसरले.

स्टेशनवरून घराकडे जाताना वाटेत दादाचं दुकान लागलं. तीन वाजले होते, ऊन नुसतं भाजत होतं आणि दुकान सताड उघडं होतं. पंख्याखाली दादा गिऱ्हाइकाला बियाण्याच्या पिशव्या दाखवत होता. पोट सुटलंय, चष्मा लागलाय. दुपारी शटर ओढून खेळत बसणारा माणूस तो नव्हताच. त्याने मला पाहिलं नाही आणि मीही थांबले नाही.

घराचं दार एका तिशीच्या बाईने उघडलं. कमरेला पदर खोचलेला, हातात फोन. तिने माझ्याकडे पाहिलं, फोन खाली केला आणि म्हणाली, "ताई, या ना."

मी उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिले. चपला काढल्या नाहीत. घालवून दिलं तर वाकून चपला शोधायची वेळ येऊ नये, एवढं शहाणपण मला नऊ वर्षांपूर्वीच्या त्या फाटकाने दिलं होतं. मी विचारलं, "तुमी मले ओळखता?"

"अमरावतीचे मेंढपाळ भाऊ ना तुमी," ती म्हणाली, आणि हसली. "दीड वर्ष तुमाले मलम लावलं मीनं. थे वैद्य मीच होती."

म्हणजे ही माझी वहिनी. वहिनी हळू आवाजात बोलत होती, कारण पुढच्या खोलीतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं आणि बाहेरचं आत. कामं आटोपली की दुपारी ती खेळायची. बाबा शेजारी बसून पाहायचे, त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं. एक दिवस त्यांनी पाहिलं, की टोळीतल्या एका मेंढपाळाने पहिला गोटा आभाळात फेकला. त्यांनी विचारलं, हे कोण आहे? ती म्हणाली, अमरावतीचे एक भाऊ आहेत. बाबा दुसऱ्या दिवसापासून दोन वाजायच्या आधीच येऊन बसायला लागले. त्या मेंढपाळाला मरू देऊ नको, एवढंच सांगायचे.

"मंग दिवाळीपासून तुमी थे सोडलं," वहिनी म्हणाली. "बाबा रोज पाहे अन् रोज म्हने, आजबी नाई फेकला. शेवटी मले म्हने, तू मेंढपाळ घे अन् तिच्या मांगं उभी राहून फेक. तिले आठवन करून द्या लागते."

"तुमी साठ लेव्हल सोडली?" माझ्या तोंडून एवढंच निघालं. ज्याने कधी खेळ खेळला नाही त्याला हे कळणार नाही. साठ लेव्हल म्हणजे दोन वर्षांच्या दुपारी. कोणी बहिणीसाठी सोडत नाही, आणि ही मला पाहिलेलीही नव्हती.

"त्यात काय, पुन्हा व्हते," ती म्हणाली.

मी तरी विचारलंच, "अन् माझा थो मेसेज?"

"बाबाले नाई वाचून दाखवला. म्हटलं, नेट गेलं. सात दिवसापासून आमच्या घरचं नेट गेलेलंच आहे." मग म्हणाली, "तुमी रागात लिहिलं होतं, ताई. राग काय वाचून दाखवाचा असते?"

मला तिथेच रडू आलं, पण मी आवरलं. रडत आत गेलं तर माणसं दया करतात आणि दयेवरही माझा विश्वास नाही.

ती दारातून बाजूला झाली. बाबा पुढच्याच खोलीत दिवाणावर बसले होते. इतका वेळ सगळं ऐकत होते. वाळून अर्धे झाले होते. उजवा हात मांडीवर थरथरत होता आणि डाव्या हाताने त्यांनी त्याचं मनगट धरून ठेवलं होतं, सुटून जाईल म्हणून धरावं तसं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कशी आहेस नाही, कधी आलीस नाही.

"तुनं पयला गोटा फेकनं काहून सोडलं?" त्यांनी विचारलं.

नऊ वर्षं मी या माणसाला सुनवायची भाषणं पाठ केली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. शाळेत उत्तर चुकलेल्या पोरीसारखी मी म्हणाले, "लोक बोलत होते, बाबा. टोळीचं नाव खराब व्हते म्हने."

"लोक बोलत होते," ते म्हणाले. हात अजून थरथरत होता. ते त्याच्याकडेच बघत राहिले. "मलेबी लोकच बोलत होते. मीनं आयकलं. तुले सांगतलंबी नाई, एकदमच मारला."

वहिनी आत पाणी आणायला गेली. मी वाकले आणि चपला काढल्या.